अम्मींच्या चालीने समरकंद

दौंडच्या माणसाला गाडी बदलणं शिकवावं लागत नाही. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारी बाजूंच्या गाड्या जिथे भेटतात तिथे वाढलेल्या पोरालाही ठाऊक असतं, की दोन गाड्यांच्या मध्ये वीस मिनिटं असणं म्हणजे काहीच नसणं. शिरूरच्या माणसाचं वेगळं. आमच्या घोडनदीला रेल्वे नाही. आमचा प्रत्येक रेल्वेप्रवास एसटीने सुरू होतो आणि एसटीनेच संपतो, त्यामुळे सामान किती घ्यायचं हे आम्हाला दौंडकरांपेक्षा चांगलं कळतं. ही दोन शहाणपणं एकत्र आली तर अनोळखी देशातली रेल्वेची सफरही घरी बसून आखता येते. परदेश म्हटलं की आपली माणसं एकतर उमराहच्या ग्रुपमध्ये जातात, नाहीतर सात रात्रींत नऊ ठिकाणं दाखवणाऱ्या टूरमध्ये. तिसरी एक वाट आहे. आमच्या दोन्ही घरांनी गेले काही महिने ती तपासून पाहिली, त्याचा हा हिशेब.

माणसं सात. शिरूरहून आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई, म्हणजे अम्मी, वय एकाहत्तर. दौंडहून मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. दीर रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण मनगटावरचं घड्याळ अजून ड्युटीवर असल्यासारखं बघतात. निघायचं दिवाळीच्या सुट्टीत. देश ठरवला अम्मींनी. लहानपणापासून ‘बुखारी शरीफ’ हे नाव कानावर आहे, तर ते बुखारा आहे तरी कसं, आणि इमाम बुखारी (रह.) यांच्या कबरीवर एकदा फातिहा पढता येईल का, एवढीच त्यांची इच्छा. त्यांचे दोन्ही गुडघे मात्र या इच्छेच्या विरोधात आहेत.

जियारतीसाठी मुद्दाम सफर करावी की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. आमच्याच दस्तरख्वानवर दोन मतं शेजारी बसून जेवतात. त्यात इथे शिरत नाही. दुसरा प्रश्न मात्र प्रत्येक घराने स्वतःला विचारावा: ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे आणि अजून अदा झालेला नाही, त्याच्या पैशावर पहिला हक्क हजचा. अम्मी, दीर आणि जाऊबाईंचा हज झालेला आहे. आमचा दोघांचा व्हायचा आहे, त्याचं खातं वेगळं आहे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. आमच्या तिघांचा सहलीचा खर्च अम्मी त्यांच्या वाटणीच्या उसाच्या बिलातून देणार आहेत. म्हणजे पैसाही त्यांचा, इच्छाही त्यांची. तेव्हा बेतही त्यांच्या चालीने झाला पाहिजे.

उझबेकिस्तान अशा कुटुंबाला सोयीचा देश आहे. दिल्लीहून ताश्कंदचं थेट विमान साधारण तीन तासांत पोहोचतं. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, तीस दिवसांपर्यंतच्या एका प्रवेशाचं शुल्क वीस डॉलर. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. मुख्य म्हणजे ताश्कंद, समरकंद आणि बुखारा ही तिन्ही शहरं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. ताश्कंद ते समरकंद ३४४ किलोमीटर, म्हणजे दौंड-मनमाडच्या जवळजवळ दीडपट. ‘अफ्रासियाब’ नावाची वेगवान गाडी ते अंतर दोन-सव्वादोन तासांत कापते. ती २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये बुखाऱ्यापर्यंत गेली. तिचे डबे स्पेनच्या तालगो कंपनीचे. मक्का-मदिना मार्गावरच्या हरमैन रेल्वेच्या गाड्याही त्याच कंपनीच्या, त्यामुळे गेल्या काही वर्षांत उमराहला जाऊन आलेल्यांना ही गाडी ओळखीची वाटेल. दिरांना वेगाचं काही नाही. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे: तालगोच्या डब्याची फरशी बुटकी असते, अम्मींना चढायला सोपी.

आधी रात्री, मग शहरं

पहिली यादी मुलांनी केली. ताश्कंद, समरकंद, शहरिसब्ज, बुखारा, खिवा, तिरमिज, अंदिजान, फरगाना. प्रत्येक नावामागे कारण होतं. अंदिजानला बाबराचा जन्म झाला (१४८३), तिरमिज हे इमाम तिरमिजींचं गाव, खिव्याच्या तटबंदीचे फोटो फार सुंदर. दिरांनी त्यातलं एकही नाव खोडलं नाही. त्यांनी वहीत नऊ उभे रकाने पाडले, कारण उझबेकिस्तानात आमच्या हाती नऊच रात्री होत्या, आणि मुलांना म्हणाले, “प्रत्येक रकान्यात लिहा, या रात्री कुठे झोपायचं.”

मग हिशेब आपोआप पुढे आला. शहर बदलण्याचा दिवस हा शहर बघण्याचा दिवस नसतो. बॅगा भरा, खोली सोडा, टॅक्सी बोलवा, स्टेशनवर आत जाताना पासपोर्ट दाखवा, सामान यंत्रातून काढा, गाडीत बसा, उतरा, पुन्हा टॅक्सी, आणि नव्या हॉटेलची खोली दुपारपर्यंत तयार नाही. गाडीचा प्रवास दीड तासाचा असला तरी दारातून दारापर्यंत पाच तास जातात. सात माणसं असली तर सहा. आठ शहरं नऊ रात्रींत कोंबली असती तर आम्ही आठ रेल्वे स्टेशनं बघून परत आलो असतो.

खिवा सोडताना मुलगा रुसला. पण बुखाऱ्याहून खिवा चारशेहून अधिक किलोमीटर वाळवंटातून, साध्या गाडीने सहा-सात तास, आणि तेवढंच परत. दोन पूर्ण दिवस फक्त त्याचे. वीस-बावीस वर्षांची चार पोरं असती तर मीच म्हटलं असतं, जा. इथे अम्मी आहेत. शेवटी वहीत उरलं ते असं: ताश्कंद एक रात्र, बुखारा तीन, समरकंद तीन, पुन्हा ताश्कंद दोन.

लोक सहसा ताश्कंदहून आधी समरकंद करतात, मग बुखारा, कारण गाडीत ते आधी येतं. आम्ही उलटं केलं. लांबचं आधी. माणसं ताजी असताना बुखाऱ्यापर्यंतचा सगळ्यात मोठा, जवळजवळ चार तासांचा प्रवास उरकायचा. त्यानंतरचा प्रत्येक प्रवास लहान: बुखारा-समरकंद दीड तासाच्या आसपास, समरकंद-ताश्कंद दोन तासांचा. कुणी आजारी पडलं, एखादी गाडी हुकली, तरी आपण विमानतळाकडेच सरकत असतो. शेवटच्या दोन रात्री ताश्कंदला ठेवण्याचं कारणही तेच. त्यातली एक रात्र बघण्यासाठी, दुसरी बिघाडासाठी. दीर त्याला ‘मार्जिन’ म्हणतात. वेळापत्रकात मार्जिन नसलेली गाडी वेळेवर पोहोचली तर तो चमत्कार समजायचा, असं त्यांचं मत.

रंगीत तालीम औरंगाबादला

माझ्या मते हा सगळ्या बेतातला सर्वांत उपयोगी भाग, आणि यात खर्चही फार नाही. परदेशात जायच्या आधी त्याच माणसांनी, त्याच बॅगा घेऊन, जवळपास तीन रात्रींची सफर करावी. आम्ही गेल्या हिवाळ्यात औरंगाबाद केलं. दौंडहून मनमाड, तिथे गाडी बदलून औरंगाबाद. पाणचक्की, खुलताबाद आणि दौलताबाद. देवगिरीच्या किल्ल्यावर फक्त मुलं चढली.

तिथे जे कळलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. अम्मी सकाळी आठ ते अकरा उत्तम चालतात. त्यानंतर त्यांना जोहरपर्यंत बसायला जागा हवी आणि जेवल्यावर दीड तास आडवं व्हायला हवं. असरनंतर पुन्हा तासभर, तेही सपाटीवर. म्हणजे दिवसाला एक मोठी जागा आणि एक लहान. जाऊबाईंना गाडीत उलट्या दिशेने बसलं की मळमळतं, तेव्हा आसनं निवडताना बघायचं. पुतणी नकाशा वाचण्यात आम्हा सगळ्यांपेक्षा पुढे आहे. मुलाला दर दोन तासांनी खायला लागतं. आणि मनमाडला पूल चढून उतरताना सात माणसांच्या अकरा बॅगांचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. आता नियम एकच: ज्याची बॅग त्याने स्वतः जिना चढून न्यायची, अम्मींची मुलाने. बॅगा सातवर आल्या.

पाणचक्कीला आणखी एक गोष्ट हाती लागली. तिथे ज्यांची मजार आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी सिलसिल्यातले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते दख्खनमध्ये आले आणि औरंगाबादला स्थिरावले. हा सिलसिला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हजरत बहाउद्दीन नक्शबंद बुखाऱ्याच्या शिवेवरच दफन आहेत. आपल्या मराठी मुलखाचा आणि त्या शहराचा संबंध आपण समजतो त्याहून जुना आणि घरगुती आहे. अम्मी हौदाच्या काठावर बसून म्हणाल्या, “ते तिकडून इकडे आले, आपण इकडून तिकडे जाऊ.” गिजदुवान बुखाऱ्याहून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. यादीत घालू का, असं विचारलं, तर त्यांनीच नको म्हटलं. दिवसाला एकच.

तिकिटं आणि स्टेशनं

अफ्रासियाबची तिकिटं लवकर संपतात. पर्यटनाचा हंगाम वसंत आणि शरद ऋतूचा, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडाचा. विक्री सुरू झाली की उझबेक रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरून लगेच घ्यावीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं स्पेलिंग असणाऱ्या महंमदांची आणि शेखांची कमतरता नाही. व्हिसा, विमान आणि रेल्वे, तिन्हीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग चालवा. वेगवान गाडी नाही मिळाली तर ‘शर्क’ ही दिवसाची गाडी आहे, थोडी सावकाश. त्याहून साध्या गाड्यांत ‘प्लात्सकार्त’ म्हणजे आपल्या स्लीपरसारखा खुला डबा आणि ‘कूपे’ म्हणजे दार लागणारा चार बर्थचा कप्पा. बायका-मुलांसह रात्रीचा प्रवास करायचाच तर कूपे बरा.

स्टेशनांबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ताश्कंदला दोन मोठी स्टेशनं आहेत, उत्तर आणि दक्षिण. अफ्रासियाब साधारणपणे उत्तरेच्या, म्हणजे मुख्य स्टेशनावरून सुटते, तरी तिकिटावरचं नाव वाचूनच टॅक्सी सांगायची. दौंडकरांना हे नवं नाही. आपल्याकडेही काही गाड्या आता जंक्शनला न येता दौंड कॉर्ड लाइन स्थानकावर थांबतात, आणि तिकीट न वाचता जंक्शनवर जाऊन उभी राहिलेली मंडळी आपण बघतोच. दुसरं, बुखाऱ्याचं स्टेशन बुखाऱ्यात नाही. ते कागान नावाच्या गावात, जुन्या शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. समरकंदचं स्टेशनही रेगिस्तान चौकापासून सहा-सात किलोमीटर दूर. सात माणसं म्हणजे दोन टॅक्स्या. फोनवरच्या यांडेक्स ॲपने बोलावल्या तर भाडं आधी कळतं, घासाघीस करावी लागत नाही.

मुक्कामाच्या जागा निवडताना आम्ही चार प्रश्न लिहून पाठवतो आहोत: खोली तळमजल्यावर आहे का, स्नानगृहात घसरायला होतं का, गल्लीत गाडी दारापर्यंत येते का, आणि परदेशी पाहुण्यांची नोंदणी तुम्ही करता का. शेवटचा प्रश्न कायद्याचा आहे. तिथे परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद व्हावी लागते, हॉटेलं ती करतात, आणि त्याची चिठ्ठी देश सोडेपर्यंत जपून ठेवायची. बुखाऱ्यात लब-ए-हौजच्या आसपास जुन्या वाड्यांची लहान हॉटेलं आहेत, अंगणात शहतूत आणि द्राक्षाचे वेल. लब-ए-हौज म्हणजे हौदाचा काठ. शब्द कळायला दुभाष्या लागत नाही. पण वाडे जुने, लिफ्ट नाही. म्हणून तळमजला.

नमाज, जेवण आणि थोडी भाषा

आमचं घर हनफी. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असल्याने आम्ही सगळा वेळ मुसाफिरच राहू, जोहर, असर आणि इशाच्या फर्ज चारऐवजी दोन रकात. नमाजा एकत्र करण्याची सोय आम्हाला नाही. कोकणातल्या शाफई कुटुंबांना ती आहे, पण त्यांच्याकडे चार दिवसांच्या मुक्कामाचा नियम वेगळा लागतो, तेव्हा त्यांनी आपल्या आलिमांना विचारून रात्री मांडाव्यात. आमच्यासाठी याचा अर्थ असा, की गाडी शक्यतो सकाळची, फजर उरकून निघायचं आणि जोहरला मुक्कामी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. दुपारी निघालं की असर आणि मगरिब दोन्ही धावपळीत. किबलाही बदलतो. आपण इथे पश्चिमेला तोंड करतो, तिथे तो नैऋत्येला आहे. मशिदींत बायकांसाठी जागा असेलच असं धरून चालू नये. तिथे बायका बहुधा घरीच नमाज पढतात. वजूचं पाणी मिळेल, पण स्वच्छतागृहात नळी किंवा लोटा असेलच असं नाही. एक रिकामी प्लास्टिकची बाटली प्रत्येकाच्या पिशवीत. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

जेवणात हलालची फार चिंता नाही. तरी मोठ्या दुकानांत रशियन पद्धतीचे सॉसेज आणि दारू उघड्यावर असते, तेव्हा पाकिटं बघून घ्यावीत. एक गोष्ट मात्र खास. ‘ओश’ म्हणजे तिथला पुलाव, त्यावर पुष्कळदा ‘काझी’चे काप ठेवतात. हे निकाह लावणारे काझी नव्हेत. ते घोड्याच्या मांसाचं सॉसेज असतं. हनफी फिकहात घोड्याचं मांस मकरूह मानलेलं आहे, म्हणून ताट येण्याआधीच नको म्हणून सांगावं. ओश दुपारचं जेवण आहे. चांगल्या ठिकाणी दोन-तीनपर्यंत डेगच रिकामी होते. तिखट नावालाही नाही. जाऊबाई सुकी लसणाची चटणी नेणार आहेत, आणि मला वाटतं तिसऱ्या दिवशी सोन्याच्या भावाने वाटली जाईल.

भाषेचं दडपण घेऊ नये. नोन म्हणजे नान, चोय म्हणजे चहा, गोश्त, पियोझ, बोझोर, मेहमोन, किताब. ‘सब्जी’ मागितली तर गाजर मिळेल, तेवढं सांभाळा. आभार मानायला ‘रहमत’. अम्मींना हा शब्द इतका आवडला की हल्ली भाजीवाल्यालाही तेच म्हणतात.

काय बघायचं, हे दिवसाला एक मोठं आणि एक लहान या मापाने ठरलं. बुखारा जुनं, सपाट आणि पायी फिरण्याजोगं: ११२७ चा कल्याण मिनार, समोर मीर-ए-अरब मदरसा, सोव्हिएत काळात चालू राहिलेल्या अगदी मोजक्या मदरशांपैकी एक. जुम्मा तिथेच पडेल अशी तारीख धरली आहे. समरकंदला पहिली पूर्ण सकाळ इमाम बुखारींची. त्यांचा जन्म बुखाऱ्याचा, इसवी सन ८१०, आणि इंतकाल ८७० मध्ये समरकंदजवळच्या खरतंग गावी. तिथे शहरातून टॅक्सीने जावं लागतं, पंचवीसेक किलोमीटर. चरित्रकार सांगतात, की सोळाव्या वर्षी ते आई आणि भावाबरोबर हजला निघाले, हज झाल्यावर आई-भाऊ परतले आणि ते हदीस गोळा करायला तिकडेच राहिले. अम्मींना यातलं आईने त्यांच्याशिवाय परतणं ठाऊक नव्हतं. ऐकून बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी रेगिस्तानचे तीन मदरसे, त्यातला उलुगबेगचा १४२० चा. शाह-ए-जिंदाला हजरत कुसम बिन अब्बास (रजि.) यांची मजार आहे, पण वर जायला तीस-चाळीस पायऱ्या एकदम. तिथे तरुण मंडळी जातील, अम्मी खाली बाकावर. हे इथेच बोलून ठेवलं, तिथे ऐनवेळी नको.

ताश्कंदला हजरत उस्मान (रजि.) यांच्याशी जोडला जाणारा कूफी लिपीतला प्राचीन कुरआन ठेवलेला आहे. चोरसू बाजार आणि १९७७ पासून चालणारी मेट्रो हे मुलांचं. लालबहादूर शास्त्रींचं निधन याच शहरात ११ जानेवारी १९६६ ला झालं, त्यांचा पुतळा तिथे आहे. दीर म्हणतात, रेल्वेमंत्री होते, सलाम करून येऊ.

औषधं आणि दिल्ली

आता ज्या गोष्टीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. उझबेकिस्तानात औषधांचे नियम कडक आहेत. कोडीन, ट्रामाडॉल आणि काही झोपेच्या, चिंतेवरच्या गोळ्या नियंत्रित आहेत. आपल्याकडे गुडघ्याच्या दुखण्यावर ट्रामाडॉल असलेली गोळी सर्रास दिली जाते, आणि पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं, औषधाचं नाव बारीक. अम्मींच्या डब्यात तशी एक निघाली. डॉक्टरांना सांगून ती आतापासूनच बदलून घेतली, म्हणजे नवी गोळी मानवते की नाही हे निघण्याआधी कळेल. बाकी सगळी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजीतली, शिक्का असलेली चिठ्ठी सोबत, आणि यादी दूतावासाच्या नियमांशी ताडून. अर्धी हातातल्या पिशवीत, अर्धी दुसऱ्याच्या पिशवीत. प्रवास विमा अम्मींच्या वयाला चालेल असा, त्यात जुनी दुखणी धरली आहेत का ते वाचून.

दिल्लीपर्यंत दौंडहून रेल्वेने चोवीस ते अठ्ठावीस तास लागतात. विमानाच्या आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम, म्हणजे गाडी विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी पोहोचणारी. उशिरा आलेल्या रेल्वेसाठी विमान थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, कारण दोन तिकिटांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर इंडिगोची ताश्कंद सेवा थांबली. उझबेकिस्तान एअरवेज दिल्लीहून थेट जाते. परतीच्या गाडीचा दौंडचा वेळ बघून घ्या. पहाटे तीनला उतरलं तर दौंडवाले घरी जाऊन झोपतील, शिरूरवाल्यांना गाडी सांगून ठेवावी लागेल.

सफरीत तीन माणसं असली तरी एकाला अमीर करावं, ही आपली शिकवण. आमचे अमीर दीर. कुठे थांबायचं, कधी निघायचं हा शब्द त्यांचा. तिकिटं आणि नकाशा पुतणीकडे, पैसे जाऊबाईंकडे: काही डॉलर, कोऱ्या नोटा, दोन वेगळ्या बँकांची कार्डं. यूपीआयवर विसंबू नये. पासपोर्टच्या झेरॉक्स दोन्ही घरांच्या पिशव्यांत अदलाबदल करून.

पैसे भरण्याचा क्रमही ठरलेला आहे. रद्द करता येणारी हॉटेलं आधी, मग व्हिसा, मग विमान, आणि रेल्वेची विक्री सुरू होईल त्या दिवशी रेल्वे. विमानाचे पैसे भरण्याआधी एक तारीख ठेवली आहे, त्या दिवशी अम्मींच्या गुडघ्यांची पुण्यात तपासणी आहे. डॉक्टर नको म्हणाले तर आम्ही सहाजण जाणार नाही, बेत एप्रिल-मेच्या सुट्टीवर ढकलायचा, हवा तेव्हाही बरी असते. अम्मींना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, मला सोडून जा, फोनवर दाखवा. तोवर त्या रोज फजरनंतर घोडनदीच्या पुलापर्यंत जाऊन येतात, आणि किती मिनिटं लागली ते दिरांना फोन करून कळवतात.